मेजर बिरप्पाच्या कोपराखालची घोंगडी

मित्रांनो, मी काळ्या लोकरीची जुनी घोंगडी आहे आणि माझ्यावर पालथं पडून एका माणसानं सुवर्णपदक मिळवलं आहे. नातेपुत्याच्या मायाक्कानं स्वतःच्या मेंढरांची लोकर कातरली, सूत काढलं, मला विणून घेतलं आणि फौजेत निघालेल्या लेकाच्या, बिरप्पाच्या, खांद्यावर टाकलं. "तितं थंडी लई असती म्हणत्यात. लाजू नगंस," ती म्हणाली.

तो लाजला नाही. नेमबाजीच्या स्पर्धेत बाकीच्यांच्या खाली रबरी चटया असायच्या, ह्याच्या खाली मी. लोक हसायचे. पण लोकरीवर कोपर घसरत नाही. पदक गळ्यात पडल्यावर तेच लोक मला हात लावून बघू लागले.

पुढे तो मेजर झाला आणि मी त्याच्याबरोबर सीमेवरच्या डोंगरात गेले. एका सकाळी त्याचा हवालदार सरफराज, आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेतला, ओढ्यात उतरला आणि समोरून गोळ्या सुटल्या. एक सरफराजच्या मांडीतून गेली. बिरप्पानं मला खडकावर फेकलं आणि माझ्यावर पडला. त्याची पहिली गोळी समोरच्या एका शत्रूच्या गळ्यात शिरली. तो माणूस दोन्ही हातांनी रक्त दाबत गुडघ्यांवर बसला आणि तसाच कलंडला. पुढच्या गोळीनं दुसऱ्याचं डोकं फुटलं. कागदाचं निशाण कधी ओरडत नाही, मित्रांनो. ही माणसं ओरडली.

तिसऱ्यानं सरफराजला केसांना धरून उठवलं, स्वतःपुढं ढालीसारखं धरलं आणि मानेवर सुरा टेकवला. कातडी चिरली. सरफराजच्या कानामागून शत्रूचा एक डोळा तेवढा दिसत होता.

"मारा की साहेब!" सरफराज ओरडला. "स्पर्धेतल्यावानी शिट्टीची वाट बघताय व्हय?"

बिरप्पाचं कोपर माझ्यात रुतलं. श्वास थांबला. बार झाला आणि दोघंही पडले.

उठला तो सरफराज. त्याचा उजवा कान जागेवर नव्हता. त्याला माझ्यातच गुंडाळून खाली नेलं. त्याच्या रक्तानं मी जड झाले.

बिरप्पाला शौर्यपदक मिळालं. सोलापुरात हलगी वाजवत मिरवणूक निघाली. नातेपुत्याच्या घरी आल्यावर मात्र त्यानं मला पेटीत घातलं आणि नेमबाजी सोडली. मायाक्कानं कारण विचारलं तर म्हणाला, "गोळी चुकली, आये. मधी नव्हती लागली." पेटीत कसर लागली. वर्षानुवर्षं ती मला आतून खात होती आणि बाहेर बिरप्पाचीही वेगळी तऱ्हा नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात सरफराज लंगडत आला.

"साहेब, बंदूक सोडली म्हणं?"

"तुजा कान नेला रं मी."

"कान कशाला मोजताय? मान मोजा की! ही काय, हितंच हाय!"

मायाक्का दारातून हसली. बिरप्पा हसला नाही, पण उठून त्यानं पेटी उघडली. मला अंगणात झटकलं, अंथरलं, आणि जुन्या सवयीनं पालथा पडला. त्याचं कोपर कसरीनं पाडलेल्या भोकातून थेट फरशीवर आपटलं. तो तसाच पडून राहिला, तोंड माझ्यात खुपसून. त्याचे खांदे हलत होते.

सरफराज मोठ्या कष्टानं शेजारी बसला. "जरा इकडं सरका," म्हणाला. "हितं धड हाय."

बिरप्पा सरकला.

मित्रांनो, रक्त पाहिलेल्या वस्तूला पेटीत कोंडू नका. माणसालाही नको. दोघांना ऊन दाखवा, आणि जिथं धड आहे तिथं टेकून बघा.