हुलग्याच्या पिठाचा डबा

"ठोकू नगंस रं, केरबा," म्हणत साळूबाईंनी डबा आपल्याकडं ओढला.

केरबा दहिवडीहून विट्यामार्गे सांगलीला जीप न्यायचा. जाताना लोकांचे डबे, पिशव्याही पोचवायचा. साळूबाईंचा डबा हुलग्याच्या पिठानं काठोकाठ भरलेला दिसत होता. पण नुसतं ओतलेलं पीठ पोकळ असतं, कणाकणांत हवा अडकलेली असते. गाडी हादरत राहिली की कण एकमेकांच्या फटींत सरकतात, हवा निघून जाते आणि पीठ खाली बसतं. म्हणून केरबा प्रत्येक डबा देणाऱ्यासमोरच जमिनीवर ठोकून घ्यायचा.

"आवं मावशी, वाटंत बसंल ते. मग म्हणतील, केरबानं खाल्लं."

"घरात एवढंच हाय. शिवांजलीची सासू आधी डबा बघती, मग माझ्या लेकीचं तोंड. बाळंतिणीला माहेरनं भरला डबा आला, एवढं दिसू दे. कोण काय बोललं तर मी हाय की."

केरबानं डबा तसाच उचलला.

विट्याच्या पुढं रस्ता उखडलेला होता. सांगलीत शिवांजलीच्या सासूनं दारातच झाकण काढलं. पीठ चार बोटं खाली गेलं होतं.

"वाटंत पीठ शिजवून माडगं करून प्यालास व्हय रं?"

जीपमधली माणसं हसली.

"गाडीच्या हादऱ्यानं पीठ बसतं, ताई."

"एवढं? आमी काय पीठ बघितलं न्हाई?"

आत शिवांजली बाळाला घेऊन उभी होती. तिनं केरबाकडं बघितलं आणि मान खाली घातली. आईनं डबा सैलच भरला असणार, हे तिला कळलं होतं. केरबा एवढंच म्हणाला, "मावशीला इचारा."

सासूनं फोन स्पीकरवर लावला. "इहीणबाई, डबा ठोकून भरला हुता का सैल?"



"ठोकून," साळूबाई म्हणाल्या. "चांगला ठोकून भरला हुता."

केरबानं तोंड उघडलं, पण शिवांजली अजून तिथंच उभी होती. तो जीपमध्ये जाऊन बसला.

बातमी त्याच्याआधी दहिवडीत पोचली. पुढच्या खेपेला स्टँडवर डबे आले, पण प्रत्येक झाकणावरून फडकं शिवलेलं होतं, टाके उसवल्याशिवाय उघडू नये असं. त्याच्या थोरल्या बहिणीनं लेकासाठी आणलेल्या डब्यावरही. तिचे टाके सगळ्यांत बारीक होते.

"ठोकून भरलायस का, आक्का?"

"तू नुसता ने," ती दुसरीकडं बघत म्हणाली.

केरबानं तो डबा सीटमागं उभा केला आणि कलंडू नये म्हणून शेजारी आपली घोंगडी दाबून बसवली.