पडद्याने न पाहिलेली उडी

मध्यंतराचे दिवे लागले, तरी ती दोघे बोलेनात. भोवती खुर्च्या फटाफट मिटत होत्या, बाहेरून सामोशांचा वास येत होता. त्या दोघांमधली शांतता मात्र जागची हलत नव्हती. तो चपलेचा पट्टा उगाच नीट करीत होता. ती एकटक माझ्याकडे पाहत होती, आणि माझ्यावर तर तेव्हा काहीच नव्हते.

मित्रांनो, मी बोरिवलीतल्या एका जुन्या चित्रपटगृहाचा भव्य पडदा. लांबच लांब पांढरे पट्टे जोडून मला घडवले. अंगभर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडली, कारण कर्णे माझ्या मागे असतात आणि आवाज माझ्यातूनच वाट काढत तुमच्यापर्यंत येतो. घोड्यांच्या टापा, तोफा, आयांचे हुंदके, सारे आधी माझ्या अंगातून जाते. चित्र मात्र मला कधीच दिसत नाही. ते माझ्यावर पडते. मला दिसतात ते काळोखात उजळलेले तुमचे चेहरे; माझे चित्रपट तेच.

एके काळी माझ्यावर फुले उधळली गेली, शिट्ट्यांनी मी थरथरलो. पुढे मॉल उभे राहिले आणि रांगा विरळ झाल्या. कुणी पेन्सिल भिरकावली, तिथे ठिगळ आले. छिद्रांत धूळ बसली आणि नायकांचे आवाज पडसे झाल्यासारखे येऊ लागले.

यंदा एका गाजलेल्या कादंबरीवरचा मारधाडीचा चित्रपट आला. तो मोठ्या पडद्यावरच पाहायचा म्हणून गर्दी परतली, मलाही कुणीतरी पुसून काढले. होडीने खाडी ओलांडून गोराईहून ह्युबर्ट आणि त्याची बायको एथेल आली. ह्युबर्ट नायकांच्या जागी उड्या मारणारा माणूस. चेहरा नायकाचा, पाठ ह्युबर्टची. मागे एकदा पडून त्याचा उजवा खांदा निखळला, तेव्हा एथेलने गावच्या चर्चमध्ये सायबिणीसमोर, मेरीमातेच्या मूर्तीपुढे, त्याच्याकडून वचन घेतले होते: आता उडी नाही, खाली उभे राहून इतरांचे दोर धरायचे.

मध्यंतराच्या जरा आधी कथेतला सरदार बुरुजाच्या टोकाशी आला. सभागृहाने श्वास रोखला. एवढ्यात मागच्या रांगेतला देवेश नावाचा पोरगा ओरडला,

"आयला! उडी मारायच्या आधी सरदाराने क्रॉस केला रे! कादंबरीत हे नव्हतं यार!"

"धर्म बदलला असेल वाटेत," त्याचा मित्र म्हणाला, आणि हशा पिकला.

मोबाइलवरच्या झलकेत ती खूण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. माझ्या रुंदीवर ती लपली नाही. कॅमेरा पाठीमागे होता, आणि सरदाराची ती पाठ ह्युबर्टची होती. परंतु देवाला पाठ दाखवून उडी मारण्याची ह्युबर्टला सवयच नव्हती.

एथेल हसली नाही.

"ही उडी कधीची?"

"जुनी गो. पडायच्या आधीची."

"खोटं बोलू नको रे. हात वर गेलाच नाही तुझा. कपाळच खाली आणलंस हाताकडे. रोज जेवायच्या आधी क्रॉस करताना तेच करतोस ना, खांदा गेल्यापासून!"

ह्युबर्ट चपलेच्या पट्ट्याकडे वाकला. ती शांतता तिथून सुरू झाली होती.

उत्तरार्धात तोफा माझ्या छिद्राछिद्रातून गरजत होत्या. सारे चेहरे माझ्याकडे होते. एथेलचा तेवढा बाजूला वळलेला. बऱ्याच वेळाने तिचा हात त्याच्या उजव्या खांद्यावर येऊन विसावला, एखादी तडकलेली बरणी झाकावी तसा.

मित्रांनो, टाळ्या वाजवा, शिट्ट्याही वाजवा. त्यांच्यावरच मी जगलो. मला पेन्सिली मारू नका, एवढे मागतो. आणि उंचावरून कुणी झेपावताना दिसला, की त्याची घरी वाट पाहणारे कुणी असेल, हे क्षणभर मनात आणा. पडदा फाटला तर ठिगळ लावता येते.

चित्रपट संपला. लोक पांगले. ती दोघे बसूनच होती.

"सांग ना गो," ह्युबर्ट म्हणाला, "उडी कशी होती?"

"झकास होती." एथेलने डोळे पुसले. "खरंच. ते वेडे टाळ्या पिटत होते ना, वाटलं ओरडून सांगावं, माझा नवरा आहे हा! पण सोमवारी पुन्हा शूटिंग आहे तुझं. एकदा खरं सांग. दोर धरणार की उडी मारणार?"

ह्युबर्टने तिची पिशवी डाव्या हाताने उचलली आणि तो दाराकडे चालू लागला. जी पाठ मी इतके खेळ अंगावर वागवली, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.