सातवा अंगठा

संपादिका बाईंची मेल सोमवारी आली. पहिली ओळ : कथा घेतोय. दुसरी ओळ : पण.

पण म्हणजे पाच प्रश्न. नव्या लेखकांच्या भयकथांचा संग्रह आहे. छापखाना शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुट्टीसाठी बंद होणार, तो दहा दिवसांनी उघडणार. पाचच्या आत उत्तरं आली नाहीत तर माझी आठ पानं वगळून पुस्तक पुढे जाणार. याआधी माझ्या सोळा कथा परत आल्या आहेत. ही सतरावी.

मेलमध्ये जी उत्तरं पाठवली ती वेगळी. खाली आहेत ती खरी.

प्रश्न १. ही बाई झोपलेल्या माणसांचे अंगठे का मोजते? पटेल असं कारण हवं.

पाठवलेलं उत्तर : तिला तशी सवय आहे.

खरं उत्तर : ती माझी आई आहे.

दुपारी जेवणं होऊन सगळे आडवे झाले की आई उठते. प्रत्येकाच्या पायाशी वाकते आणि पायाचा अंगठा दोन बोटांत धरते, बाजारात टोमॅटो दाबून बघतात तितक्या हलक्या हाताने. ओठ हलतात. मग पुढचा. मोजून झालं की स्वतः झोपते. न मोजता तिला झोप येतच नाही. बाबा होते तेव्हा डोळे मिटूनच विचारायचे, "झाली का हजेरी?" एकदा मावशीकडे नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर भिंतीला टेकून पेंगत होता, तर आईने त्याचाही अंगठा धरला. बिचारा पाना सोडून उभा राहिला.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी चार वर्षांची असताना प्रवासात बस एका थांब्यावर थांबली, आई पोरं मोजायला विसरली आणि मी मागेच राहिले. दोन तासांनी सापडले, तिकीटवाल्याच्या टेबलावर बसून बिस्किट खाताना. दादा हे दर सुट्टीत सांगतो. "तेव्हाच राहू द्यायला हवी होती, आज भुतं तरी लिहिली नसती." सगळे हसतात. आईही हसते.

माझ्या कथेतल्या बाईच्या घरी सहा माणसं झोपतात. एका दुपारी अंगठे सात भरतात. बस, एवढंच.

प्रश्न २. दुपार कशाला? भयकथा रात्री घडलेली बरी.

नाही. दुपारच.

रात्री माणूस सावध असतो. दुपारी पोट भरलेलं असतं, पडदे ओढलेले असतात, खोलीला चहाच्या पातेल्याच्या आतला रंग आलेला असतो. आमच्या दोन खोल्यांत सध्या दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि आई आठ दिवसांच्या मुक्कामाला आहेत. बाहेरच्या खोलीत गाद्यांना गादी लागलेली. चालायचं तर पाय टाकायला जागा शोधावी लागते. माझा नवरा भिंतीकडे तोंड करून झोपतो, दादा उताणा, मुली एकमेकींच्या अंगावर. मीही पडते. झोपत नाही. डोळे मिटून वाट बघते की आईची बोटं माझ्या अंगठ्याला कधी लागतात. पस्तीस वर्षांची झाले तरी त्या क्षणी धास्ती वाटते, आणि लगेच निवांतही वाटतं. दोन्ही एकदम. हे कथेत आणता आलेलं नाही. आणता आलं असतं तर प्रश्नच आला नसता.

आई मोजते ते सहा. नवरा, दादा, वहिनी, दोघी मुली, मी.

प्रश्न ३. पान पाचवर भीती कमी पडते. वाढवता येईल?

बुधवारी सकाळी याच प्रश्नावर विचार करत मी कामावर होते. मी तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. सुट्ट्यांमुळे चौघींपैकी दोघीच आलो होतो आणि बाकांवर रांग. हाताला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, "मूठ घट्ट, आता सोडा," नळीवर चिठ्ठी चिकटवायची. एक धिप्पाड गृहस्थ सुई बघून म्हणाले, "बाई, मी डोळे मिटतो, झालं की सांगा." माझी सीनियर कानात म्हणाली, "तू कशाला लिहितेस गं? पगार घेऊन घाबरवतेसच की रोज."

मी हसले, आणि पान पाचवर काय वाढवायचं ते सुचलं. दुपारी घरी आले तर दारातच वहिनीचा आवाज ऐकू आला. ती पान पाच वाचत होती. मोठ्याने.

झालं होतं असं : फ्रिजवर ठेवलेली माझी छापील प्रत मुलींनी चित्रं काढायला घेतली. मागच्या बाजूला घोडे काढले. वहिनीने घोडे बघताना पान उलटलं.

"'तिने सातवा अंगठा धरला,'" वहिनी नाटकातल्यासारखा आवाज काढत होती, "'तो गार नव्हता. तो ओळखीचा होता.' अगंबाई! आई, तुम्ही पुस्तकात!"

"आईला मानधन दे गं," दादा म्हणाला.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. कथा कशावर आहे ते त्याला ठाऊक होतं.

आई मटार सोलत होती. तिने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली.

त्या दुपारी मी डोळे मिटून पडले. पाव तास. अर्धा तास. दादा घोरायला लागला. कोणीही माझ्या पायाशी आलं नाही. मान उचलून बघितलं तर आई स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि बाहेरच्या खोलीकडे पाठ करून.

प्रश्न ४. सातवा कोण आहे, हे लेखिकेला तरी माहीत आहे का?

पाठवलेलं उत्तर : हो.

खरं उत्तर : नाही. आणि या प्रश्नाचा विचार करायला मला गुरुवार मिळालाच नाही. गुरुवारी आई दुपारी झोपली नाही. रात्रीही झोपली नाही असं वहिनी सांगत होती, कूस बदलत होती म्हणे, मग उठून बसली. शुक्रवारी सकाळी चहात तिने दोनदा साखर घातली. भांडं हातातून निसटलं. डोळ्यांखाली अंगठ्याने शाई लावल्यासारखं काळं. वय सहासष्ट, रक्तदाबाची गोळी चालू.

दादाने मला बाल्कनीत गाठलं.

"खूश आहेस?"

"मी काय केलं?"

"दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाहीये. विचारलं तर म्हणते, गरम होतंय. गरम? स्वेटर घालून बसलीये बाई!"

"मी बोलते तिच्याशी."

"बोलू नकोस. तू बोललीस की नंतर ते लिहितेस." तो थांबला. "जगात भुतांचा दुष्काळ पडला होता का गं? घरातलीच आई सापडली?"

मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले. काही बोलले असते तरी ते पुस्तकातलंच वाटलं असतं.

प्रश्न ५. शेवट सैल आहे. सातवा अंगठा मिळाल्यावर ती किंचाळते. हे कोणालाही सुचेल. दुसरा शेवट द्या, नाहीतर कथा राहू द्या.

शुक्रवार, तीन वाजून दहा मिनिटं. सगळे झोपलेले. मी ओट्याशी उभी राहून फोनवर लिहिलं :

*माननीय बाई, कथा मागे घेते आहे. कारण घरगुती आहे.*

खोडलं.

*माननीय बाई, शेवट सुचत नाही, म्हणून*

हे खोटं. खोडलं.

*माननीय बाई, कथा मागे घेते.*

हे राहिलं. अंगठा बटणावर. दाबला गेला नाही. खरं सांगायचं तर सतरावी कथा मी स्वतःच्याच हाताने परत घ्यायची, हे जमत नव्हतं, आणि मागे आई खुर्चीवर बसलेली होती, तरीही जमत नव्हतं. अशी मी आहे.

"काय लिहितेस?" आईने विचारलं.

"काही नाही. ती कथा नको म्हणून कळवते."

"का?"

"तू झोपत नाहीस."

तिने मान वळवून बाहेरच्या खोलीकडे बघितलं.

"मोजायला गेले आणि सात भरले तर?" ती म्हणाली. अगदी हळू, झोपलेल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"आई, अगं मी ते बनवलंय. सात कसे भरतील? भरले तर तुझी मोजण्यात चूक."

"चूक नव्हती तेव्हा."

"केव्हा?"

"बसमध्ये."

मी फोन खाली ठेवला.

"तू मोजायला विसरली होतीस ना."

"सगळे म्हणतात तसं. मी म्हणू दिलं." तिने स्वेटरची बाही ओढली. "मी मोजलं होतं बाई. माझ्याकडे चार पोरं. दादा, तू, मावशीची दोन. बस सुटताना मागे वळून डोकी मोजली. चार भरली. ड्रायव्हरला मीच म्हणाले, चला."

"मग?"

"तुझ्या जागेवर दुसऱ्या कोणाची तरी पोर बसली होती. तुझ्याएवढी. टॉवेल पांघरून, खिडकीला डोकं लावून. तिला खिडकी हवी होती म्हणून पुढे येऊन बसली. पाऊण तासाने तिचा बाप शोधत आला, त्याने टॉवेल काढला, तेव्हा कळलं." तिने श्वास घेतला. "पाऊण तास मी मजेत होते गं. तुझ्या बाबांना संत्रं सोलून दिलं. चार होती ना. जास्त भरलं तर माणूस बघतो तरी. कमी भरलं तर ओरडतो. मला बरोबर भरलं होतं."

वॉशिंग मशीनने फिरणं थांबवलं. आतले कपडे बसल्याचा आवाज आला.

माझ्या डोक्यात काय झालं ते लिहिते, लपवत नाही. आधी वाटलं, आईला मिठी मारावी. आणि ती मारायच्या आधीच वाटलं : हाच शेवट. अंगठे सात भरत नाहीत. सहाच भरतात.

आईने माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षं माणसाला अंगठ्यावरून ओळखणाऱ्या बाईला तोंडावरचं कळायला किती वेळ लागतो?

"लिहायचंय ना?"

"नाही."

"थाप मारू नकोस. नाक लाल झालंय."

"तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार. खरंच."

"लिही." ती उठली, गुडघ्यावर हात टेकून. "पण मग मोजायचं तू. आजपासून. मी दमले. ते काम आणि ती गोष्ट दोन्ही घेऊन जा. एकच घेता येणार नाही."

"बरं."

"बरं म्हणण्याआधी विचार कर."

"केला."

"कुठे केलास," आई म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन माझ्या गादीवर, माझ्या उशीवर आडवी झाली. चादर डोक्यावरून ओढून घेतली. दोन मिनिटांत तिचा श्वास जड झाला.

मी शेवट लिहिला. चार ओळी. पाचला बारा कमी असताना पाठवला. पाचला सात कमी असताना उत्तर आलं : *आता झाली कथा. सुट्टी मजेत घालवा.*

पुस्तकात येणारी माझी पहिली कथा. मला वाटलं होतं, मी ओरडेन, नवऱ्याला गदागदा हलवून उठवेन. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि बाहेरच्या खोलीत गेले.

न विचारलेला प्रश्न

भिंतीकडून सुरुवात केली. नवऱ्याचा अंगठा : खरखरीत, ओळखीचा. एक. दादाचा : नख वाढलेलं. दोन. वहिनीचा. तीन. मुलींचे पाय एकात एक अडकलेले, कुठला कुणाचा ते कळेना, पण दोन वेगळे अंगठे होते हे नक्की. चार, पाच. आईचा : बारीक, टाचेकडून भेगाळलेल्या पायाचा. सहा.

सहा. बरोबर.

उभी राहिले. आई मोजायची तेव्हाही सहाच भरायचे. तेव्हा त्यात मी होते आणि आई नव्हती. आता आई आहे आणि मी नाही. एक माणूस बदललं आणि आकड्याला पत्ताही नाही.

पुन्हा वाकले. या वेळी अंगठ्यावर थांबले नाही. नवऱ्याच्या तोंडावरची चादर बाजूला केली. तो होता. "काय गं?" म्हणून पुटपुटला. "झोप," मी म्हटलं. दादा होता, तोंड उघडं टाकून. वहिनी होती. थोरली होती. धाकटीने तोंड उशीत खुपसलं होतं, ते हळूच वळवून बघितलं. तीच होती.

मग माझ्या गादीपाशी आले. चादरीखालचा श्वास शांत होता. दोन दिवसांनी लागलेली झोप, ती मोडायची नव्हती. टोक धरलं, सोडलं. आईच असणार. अंगठा तिचाच होता. मी स्वतः तिला इथे आडवं होताना बघितलं होतं. मध्ये मी फक्त शेवट लिहायला गेले होते.

चादरीचं टोक मी पुन्हा धरलं.