दाराखालची बुजवलेली भोकं

मित्रांनो, आधी आमच्या राजेंद्रबद्दलची माझी तक्रार ऐका. हा माझा ड्रायव्हर, मालकिणीचा एकुलता एक लेक. रोज सकाळी माझी काच पुसतो, आरशाला गोंडा बांधतो, बंपर चमकवतो. पायरीच्या खाली मात्र याचा हात म्हणून जात नाही. जसं काही माझं अंग तिथंच संपतं!

मी दहा चाकांची जुनी ट्रक-गाडी. चौदा वर्षं झाली. पाठीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण रस्ता पाठ आहे. पैठणकडं खडी, गंगापूरहून ऊस, जे भराल ते नेलं. चढावर दुसऱ्या गाड्या धापा टाकत थांबायच्या, मी त्यांच्याकडं बघतही नसे.

राजेंद्रचे वडील सखाराम माझ्या चाकांमागं रुंद, साधं रबर लावायचे. चाकानं उडवलेली खडी त्या रबरावर आपटायची. एखादा टवका उडालाच, तर त्याच दिवशी घासून रंग लावायचे.

सखाराम गेले आणि राजेंद्रनं खंडेनवमीच्या पूजेसाठी मला नटवलं. रुंद रबरं काढून आखूड, झालरीची लावली. दिसायला झकास, पण दगड सरळ माझ्या पत्र्यावर! वर्षभरात टवके उडाले, गंज धरला. पुढच्या खंडेनवमीला यानं काय करावं? गंज न घासता, वाळलेल्या चिखलावरच गंज रोखणारा काळा लेप थापला. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात; काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून गळून जातं. पाणी तिथूनच शिरतं असं समजून या शहाण्यानं तीही बुजवली.

वरून मी काळी कुळकुळीत, आतून सादळलेली. यंदाचा पावसाळा सरला आणि दाराखालचा पत्रा बोट लावताच आत गेला.

राजेंद्र आईला म्हणाला, "माय, गाडी सडली. भंगारात देऊन टाकू."

मी कुणाला भीत नाही. पण खरं सांगते, भंगारवाल्याच्या कटरची गोष्ट वेगळी.

माझी मालकीण मनकर्णाबाई शेतातून आली ती खुरपं हातात घेऊनच. सोबत पत्र्याचं काम करणारा कडुबा.

"मावशी, गाडीला खुरपनी करता का?" तो हसला.

"तू गप बघ."

तिनं खुरप्याची मूठ दारावर वरपासून खालपर्यंत ठोकत आणली. वर खणखणीत, खाली बद्द. टोकानं लेप उचकटला. तो पापडासारखा सुटला. भोकात टोक घातलं, तसं तांबडं पाणी भळाभळा वाहिलं.

"ही कुनी बुजवली?"

"मीच. पानी शिरू नये म्हनून."

"आन् शिरलेलं पानी कुठून जाईल रे, तुझ्या नाकातून?"

कडुबा खाली सरपटला, ठोकून बाहेर आला. "सांगाडा लई दमदार हाय, मावशी. खालचा वीतभर पत्रा बदलला की झालं. बाकीचा घासून काढावा लागंल."

ऐकलंत ना, मित्रांनो? लेप फक्त घासलेल्या, कोरड्या पत्र्यावरच टिकतो. गंजावर थापला, तर त्याच्याआड गंज निवांत जेवत बसतो. कुणाची गाडी असो की सायकल, आधी घासा, वाळवा, मगच रंग लावा. आणि पाण्याची वाट कधी अडवू नका.

मनकर्णाबाईनं खुरपं लेकाच्या हातात कोंबलं.

"राजेंद्रा, गाडी भंगारात जायची नाय. तू हिच्याखाली जायचं. पत्रा चांदीवानी व्हईस्तोवर मला तोंड दावू नको."