शेपटीची आठ मिनिटं

मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड, बारा किलो.

टेप भाजायची भट्टी, चोपन्न अंश. आठ तास.

जेवताना बोलायचं नाही, हा सासरचा नियम.

पहिल्या प्रदर्शनाला माणसं नऊ. त्यातली चार पावसामुळे आत शिरलेली.

"कुरोगीबाई, निघाली बघा तुमची टेप भट्टीतून," मोरिवाकी म्हणाली. कोबेतल्या एका तळघरात ती जुन्या टेपा भाजून पुन्हा चालत्या करायची. "पण ही म्हातारी फारच चिकटलीय. एकदाच चालेल. तीही वीसएक मिनिटं, मग नुसती भुकटी."

"म्हातारी कसली? पन्नाशीची आहे," एकोणऐंशी वर्षांची हिसानो कुरोगी म्हणाली.

टेपची पहिली वीस मिनिटं म्हणजे हिसानोचं एकमेव गाजलेलं काम. टीव्हीच्या पडद्यावर दोन हात एक दगड धूत राहायचे, आणि तोच दगड टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेला असायचा. सासूच्या पिंपावरून पळवलेला. संग्रहालयाने आता त्यासाठी कोपरा मोकळा ठेवला होता.

त्या काळी कोरी टेप मिळणं मुश्कील. एकीवरच सगळे पुन्हा पुन्हा चित्रण करायचे. त्यामुळे कामाच्या शेपटीला जुनं काही पुसायचं राहून गेलं होतं : स्वयंपाकघरात उभा असलेला तिचा नवरा, सुएओ. आठ मिनिटं. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

"शेवट आधी लावता येईल?"

"येईल की. पण तिथवर टेप पळवायची म्हणजे आधीचं सगळं खरवडून जाणार." मोरिवाकीने हातमोजे काढले. "संग्रहालयाला मी काय तोंड दाखवू, बाई?"

"दगड धाडून दे. तो धडधाकट आहे."

"थट्टा करताय."

"नाही गं. पळव."

यंत्र किंचाळलं. खालच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी भुकटी साचत गेली. हिसानोने तिकडे पाहिलं नाही.

मग पडद्यावर एक पाठ आली, बनियनमधली. सुरी टकटकत होती. सुएओ वळलाच नाही.

"कांदे संपलेत," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, "ऐकतेयस ना?"

"हो," हिसानो म्हणाली.

मोरिवाकी चहाचं पाणी ठेवायला उठून गेली. पडद्यावर आडव्या रेघा दाटल्या. रेघांमागे सुरी अजून ऐकू येत होती.

सुएओ वारला त्या दुपारी हिसानो दूर साप्पोरोत आपलं प्रदर्शन मांडत होती.