स्वयंपाक्याचं डोकं, पहारेकऱ्याचं धड

मी मातीचा स्वयंपाक्या बोलतोय. नीट सांगायचं तर स्वयंपाक्याचं डोकं. धडाची भानगड पुढे येईलच.

दोन हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या वेई नदीकाठच्या भट्टीत आम्ही घडलो. मेलेल्या मालकाच्या दिमतीला थडग्यात जायचं, एवढंच आमचं काम. डोकी एकीकडे घडायची, धडं दुसरीकडे. अदलाबदल नको म्हणून मानेवर आणि धडाच्या खाचेत एकच अक्षर कोरायचे. माझं अक्षर 'वांग': तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. पुढे थडग्याचं छत कोसळलं आणि माझी नि धडाची ताटातूट झाली.

छत्तीस वर्षांपूर्वी मला उकरून काढलं. गावच्या छोट्या संग्रहालयात फान मास्तर तुकडे जोडत. माझ्या अक्षराची मधली आडवी रेघ गाळाने बुजली होती. ती गेली की 'वांग'चा 'गोंग' होतो. 'गोंग' खुणेचं एक धड होतं, पहारेकऱ्याचं. मास्तरांनी मला त्यावर चिकटवलं आणि मी 'हसरा पहारेकरी' म्हणून गाजलो. तिकिटावर मी, चहाच्या थर्मासवर मी. पहारेकरी कशाला हसेल, हे कुणी विचारलं नाही.

यंदाच्या प्रदर्शनात त्याच थडग्याच्या मागच्या खोलीत सापडलेलं एक धड माझ्या शेजारच्या कपाटात ठेवलं. बाह्या वर सारलेल्या. खाच दिसावी म्हणून वर आरसा, आरशात ठळक 'वांग'. पहिल्याच दिवशी फान मास्तर बायकोला घेऊन आले. आरशात बघत राहिले, मग माझ्याकडे.

"अगं, याचं डोकं चुकलंय."

"तुमचंच ठिकाणावर नाही. चला, नूडल्सच्या दुकानात गर्दी होईल."

"मी चुकवलंय गं."

बाई जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणाला कळलंय? सगळ्या जन्मात तुमचं एवढंच तर नाव झालं."

मी घाबरलो, हे कबूल करतो. माझं धड चार हातांवर होतं आणि सगळं या म्हाताऱ्याच्या तोंडावर अवलंबून होतं.

प्रदर्शन मांडणारी रुओलान त्यांचीच शिष्या. त्यांनी तिला हाक मारली, सांगितलं की मानेवरची मधली रेघ तेव्हा गाळाखाली राहिली असणार. ती म्हणाली, "मास्तर, जाऊ द्या ना. गावभर फलक लागलेत."

"मग उतरव. आणि पाटीवर लिही, चूक फानची. नाव गाळू नकोस."

आता मी माझ्या धडावर आहे, चुलीपुढे. हसऱ्या स्वयंपाक्याचं कुणाला कौतुक नाही. लोक पुढे जातात. माझी तक्रार नाही.

पलीकडे पहारेकरी बिनडोक्याचा उभा आहे. मास्तर ब्याऐंशीचे झाले, नजर अधू झाली, तरी दर मंगळवारी येतात आणि जुन्या तुकड्यांच्या पेट्या बोटांनी चाचपत बसतात. नदीकाठी नांगरताना 'गोंग' खुणेचं डोकं कुणाला लागलं, तर जरा लवकर आणून द्या.