बिल्ल्याची मागची बाजू

बिल्ला हातात आला की मी आधी तो उलटा करून बघते. समोरचा चेहरा कुणीही छापतं. खरं-खोटं मागे कळतं: टाचणी कसली आहे, गंज कुठवर पोचलाय, कडेला दुमडलेल्या कागदावर छापखान्याच्या युनियनची बारीक खूण आहे की नाही. आमच्या ओहायोत हे वेड जुनं आहे. शेजारच्या कॅन्टन गावचा माणूस १८९६ साली राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचे बिल्ले लोकांनी छातीवर मिरवले. त्यातले दोन माझ्याकडे आहेत आणि ते मी कुणाला हातात देत नाही.

बाकीचे बघायला मिळतील. आमच्या मुलीची खोली रिकामी झाल्यापासून तिथे बिल्लेच राहतात. बीटल्सचे चार चेहरे, पिवळं हसरं तोंड, युद्ध थांबवा म्हणणारे, युद्ध चालू ठेवा म्हणणारे. ज्या राष्ट्राध्यक्षांचं तोंड बघवत नाही त्यांचेही आहेत, कारण आम्हा बिल्लेवाल्यांचा एक नियम आहे: ठेवायचे तर दोन्ही बाजूंचे ठेवायचे. आपल्याला आवडणारेच जमवले तर त्याला देव्हारा म्हणायचं, संग्रह नाही.

हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला. १९७९ चा तो हिरवा बिल्ला मी घरात येऊ दिला नाही, हातातही घेतला नाही.

त्या वर्षी ॲक्रनच्या टायर कारखान्यात आमच्या युनियनच्या अध्यक्षपदाला रोझॅली टॉथ उभी राहिली. बाई उभी राहण्याची ती पहिलीच वेळ. रोझॅली माझी जिवाची मैत्रीण, आम्ही दोघी टायर भाजायच्या खात्यात शेजारी-शेजारी काम करायचो. तिचे पिवळे बिल्ले मी केले, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हाताने दाबायच्या यंत्रावर. पत्र्याची वाटी, वर कागद, वर पारदर्शक पापुद्रा, खालून टाचणीचं झाकण, आणि मग दांडा खाली. चारशे बिल्ले, आणि माझा उजवा खांदा अजून त्यांची आठवण काढतो.

ती जिंकणार होती. मतदानाला तीन दिवस असताना कारखान्यात हिरवे बिल्ले फिरले: ‘रोझॅलीला विचारा, जेवण कुणाकडे होतं?’

जेवण झालं होतं हे खरं. मॅनेजरने तिला क्लबात बोलावलं होतं आणि ती गेली होती, ते आमच्या खात्यातल्या धुराची तक्रार मागे घेणार नाही हे त्याच्या तोंडावर सांगायला. पण बिल्ल्यावर एवढं कुठे मावतं? ती एक्केचाळीस मतांनी पडली. ब्रँट नावाचा माणूस अध्यक्ष झाला आणि धूर होता तिथेच राहिला.

त्या जेवणाची गोष्ट कामगारांत तिघांनाच ठाऊक होती. रोझॅलीला, मला, आणि तिला गाडीतून क्लबात सोडणाऱ्या वेंडल प्रॅटरला. वेंडल वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला, थोडं बोलणारा, सगळ्यांच्या आधी कामाला येणारा. रोझॅली नाही, मी नाही, मग राहिलं कोण? जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर कुणी बसेना. सगळ्यात आधी डबा उचलून उठले ती मी. दोन वर्षं त्याने एकट्याने भाकरतुकडा खाल्ला, मग टेक्सासला निघून गेला आणि तिथेच वारला. त्याच्या मातीला आमच्यातलं कुणी गेलं नाही.

यंदा आमच्या वाचनालयाने मला काचेची कपाटं दिली: कारखान्याची गोष्ट बिल्ल्यांतून मांडा म्हणाले. सोमवारी उघडायचं होतं. १९७९ च्या खणात पिवळा बिल्ला ठेवला, शेजारी जागा मोकळी ठेवली आणि कार्ड लिहून टाकलं: ‘हिरवा बिल्ला. वेंडल प्रॅटरने फोडलेल्या बातमीवरून विरोधकांनी वाटला.’ वेंडलची मुलगी ग्वेन परत ॲक्रनला येऊन त्याच वाचनालयात काम करते. तिने कार्ड वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "तुमचं म्हणणं पक्कं असेल तर ठेवा, मिसेस हुडाक." मी म्हटलं पक्कं आहे.

राहिला होता फक्त बिल्ला. शनिवारी सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये बिल्लेवाल्यांचा बाजार भरला होता. तिथे एका म्हाताऱ्याच्या टेबलावर स्वस्तातल्या बिल्ल्यांचं ताट होतं, त्यात तो हिरवा पडलेला.

"हा घेताय?" म्हातारा म्हणाला. "कोण ही रोझॅली? काय खाल्लं होतं तिने एवढं?"

"तुमच्या वयाला झेपणार नाही ती गोष्ट," मी म्हटलं, आणि सवयीने बिल्ला उलटा केला.

मागच्या कडेला एक खळगा होता. तांदळाच्या दाण्याएवढा, एका टोकाला निमुळता. अंगठा त्यावर गेला आणि मला बघावंही लागलं नाही. १९७८ मध्ये माझ्या यंत्रातली बिल्ल्याची कड दुमडणारी लोखंडी कडी हातातून निसटून फरशीवर आपटली होती. तेव्हापासून तिथून निघणाऱ्या प्रत्येक बिल्ल्याला मागे हा खळगा पडायचा. एमिल, माझा नवरा, कानस घेऊन आला होता घासायला. मीच म्हटलं होतं, राहू दे, आपली सही आहे ती.

यंत्र माझं होतं. आणि हा बिल्ला मी दाबला नव्हता.

घरी आले तेव्हा एमिल स्वयंपाकघरात त्याच टेबलाशी बसला होता. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, चर्चसाठी दर शनिवारी तो पिरोगी करतो. पिठाच्या गोल चकतीत बटाटा भरायचा, दुमडायची आणि कड चिमटीत दाबत जायचं. त्याचं काम सुबक असतं, अजून.

"काय आणलंस?" त्याने मान वर न करता विचारलं. "आता झोपायचं कुठे ते सांग. माझ्या उशीवर कोण राष्ट्राध्यक्ष येणारेत?"

मी बिल्ला त्याच्यापुढे पिठात ठेवला, उलटा.

बोटं थांबली. हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, "कुठे मिळाला?"

तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

"किती दाबलेस?"

"दोनशे."

"इथेच?"

"तू दुसऱ्या पाळीला असायचीस. माझी तिसरी. संध्याकाळ मोकळीच होती." तो हात पुसायला लागला, पीठ निघेना. "ब्रँटने कागद छापून आणून दिला. म्हणाला, निवडून आलो की तुम्हा दोघांना पहिली पाळी."

"आणि जेवणाचं त्याला कुणी सांगितलं?"

त्याने बिल्ला पिठातून उचलून सुलटा केला.

"एमिल, मी तुला विचारतेय."

"तूच सांगितलं होतंस मला, बर्नी."

"मी नवऱ्याला सांगितलं होतं. ब्रँटला नाही."

"चार वर्षं आपण गेटवर भेटत होतो," तो म्हणाला. "तू बाहेर येणार, मी आत जाणार. डेबीला माझ्या कडेवरून तुझ्या कडेवर द्यायची आणि चालायला लागायचं. एकदा ती तुझ्याकडे येईना, ओळख द्यायला तयार नाही, आठवतं? तू गाडीत बसून रडलीस. मला ते सहन होत नव्हतं."

"म्हणून रोझॅलीला बुडवलंस."

"मला वाटलं, थोडी मतं जातील. ती पडेल असं नव्हतं वाटलं."

"आणि वेंडल?"

"वेंडलचं नाव मी घेतलं नाही," एमिल म्हणाला. "एकदाही नाही. तुम्हीच सगळ्यांनी घेतलंत."

हे खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. पहिली पाळी आम्हाला नोकरीच्या वर्षांवर मिळाली असं मी समजत होते. एकोणीस वर्षं मी त्या पाळीत सुखात होते. संध्याकाळी डेबीच्या वेण्या घातल्या, तिघं एका टेबलावर जेवलो, हेच ते टेबल. दर सप्टेंबरात युनियनच्या सहलीला हा माणूस रोझॅलीचा पिवळा बिल्ला छातीला लावून यायचा आणि तिला पहिली बियर आणून द्यायचा. माझं सगळं सुख माझ्या पाठीमागे विकत घेतलं होतं, आणि वापरलं माझंच यंत्र, माझंच तोंड. मी त्याला म्हटलं, "तुझ्या हातचं आज मला काही नको," आणि डेबीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर मी रोझॅलीकडे गेले. आता ती ऐंशीची आहे, धुराने छाती कामातून गेलेली, नाकाला प्राणवायूची नळी. तिच्याकडे कॉफी मीच करते, चव्वेचाळीस वर्षं रविवारची कॉफी मीच करत आलेय. कप तिच्यापुढे ठेवला आणि शेजारी हिरवा बिल्ला ठेवला.

"उलटा कर," मी म्हटलं.

तिने केला नाही. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"मागचा खळगा. तीन आठवडे तुझा पिवळा बिल्ला लावून फिरत होते मी. तो हिरवा पहिल्यांदा हातात आला त्याच दिवशी अंगठ्याला कळलं." तिने दम घेतला. "जाऊ दे गं, बर्नी. मी तुला केव्हाच माफ केलंय."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी खुर्ची ओढून बसले.

"तुला वाटलं, मी केले?"

"यंत्र तुझं. गोष्ट तुलाच सांगितलेली. आणि महिनाभरात तुम्हाला पहिली पाळी. मी काय समजायचं?"

"मला विचारायचं! दुसरं काय?"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर मग माझ्याकडे रविवारी कोण आलं असतं?" ती म्हणाली. "पहिली तीन वर्षं तुझी कॉफी घशाखाली उतरायची नाही. मग उतरायला लागली."

मी तिला एमिलचं सांगितलं. पाळी, ब्रँट, कागद, सगळं. ती खिडकीकडे बघत ऐकत राहिली, नळीचा सूं सूं आवाज तेवढा येत होता. दोघांत कुणी मला जास्त फसवलं ते मला अजून सांगता येत नाही. एकाने माझ्या घरात बसून घात केला. दुसरीने मला घातकी समजून माझ्यावर माया केली आणि ती माया मी खरी समजले. पण तेवढ्यात एक गोष्ट डोक्यात आली.

"रोझॅली, म्हणजे वेंडल नाही हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

तिने कप बाजूला सरकवला.

"तो दोन वर्षं एकटा जेवत होता."

"सगळे त्याचं नाव घेत होते," ती हळू म्हणाली. "मी फक्त नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर तुझं नाव आलं असतं." मग तिने माझं मनगट धरलं. "बर्नी, तो गेलाय आता. आपण तिघं आहोत अजून. कार्ड लिहून झालंय ना? राहू दे तसंच."

कॉफी तशीच टाकून मी उठले. दारापर्यंत तिचा हात माझ्या मनगटावर असल्यासारखा वाटत होता.

सोमवारी वाचनालय उघडायच्या आधी मी पोचले. ग्वेनने कपाटाचं कुलूप काढून दिलं. मी जुनं कार्ड फाडलं. पिवळा आणि हिरवा असे दोन्ही बिल्ले उलटे ठेवले, खळगे एका रेषेत येतील असे, आणि नवं कार्ड लावलं: ‘दोन्ही बिल्ले एकाच यंत्रावर दाबले आहेत. हुडाक यांचं स्वयंपाकघर, १९७९. वेंडल प्रॅटर यांचा यात काही संबंध नव्हता.’

ग्वेनने ते वाचलं. मग परत वाचलं. मला विचारून तिने हिरवा बिल्ला उचलला आणि मागच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाबांच्या टोपीवर पिवळा होता," ती म्हणाली. "त्यालाही हेच आहे. आम्हाला वाटायचं, धुताना कुठेतरी आपटला असेल. ती टोपी त्यांनी शेवटपर्यंत टाकू दिली नाही." तिने बिल्ला जागेवर ठेवला, नीट, खळग्याला खळगा लावून. "मिसेस हुडाक, त्या स्वयंपाकघरात कोण होतं?"

"आम्ही दोघं," मी म्हटलं. "मी नवऱ्याला जेवणाचं सांगितलं, त्याने बिल्ले दाबले. आणि तुझ्या बाबांच्या टेबलावरून सगळ्यात आधी उठले ती मीच."

ग्वेनने कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे पाठ करून दिवे लावायला गेली.